चिपवरचं कुंकू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय येसाजीराव, व्यासपीठावरच्या महिला मंडळ-प्रमुख अंबुबाई, नोकरीसाठी उद्या पुण्याला निघालेली सत्कारमूर्ती सहाना, आणि केसरीभात कधी येतो म्हणून मागे वळून पाहणारे माझे समाजबांधव, सर्वांना तरुण नावाच्या या पोराचा नमस्कार.

सहानाबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. दोन शब्दांत सहाना मावते का? आपल्या संध्याकाळच्या वर्गाचा लॅपटॉप आठवा. अध्यक्षांनीच उदार मनानं दिलेला. त्यात नवं वायफाय कार्ड घातलं की तो सुरूच होईना. मशीन चालू होताना सगळ्यांत आधी जागा होतो तो प्रोग्रॅम, फर्मवेअर. कंपनीनं भरलेलं हे फर्मवेअर फक्त आपल्या घरचंच कार्ड मानायचं. जावई निवडताना काही माणसं वागतात तसं. मी कुणाकडे पाहून बोललो नाही.

सहाना म्हणाली, हे काढून टाकू, ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असं ओपन सोर्स फर्मवेअर घालू. आम्ही मशीन उघडलं, चिप सापडली, आणि आयुधपूजा आली. त्या दिवशी अवजारांना हात लावायचा नाही. उघडा लॅपटॉप शिवणयंत्रांशेजारी पूजेत मांडला गेला. अंबुबाईंनी विचारलं, याचं काळीज कुठलं? मी अभिमानानं चिप दाखवली. त्यांनी ओलं कुंकू बरोबर तिच्यावरच लावलं, वर अक्षता. अंबुबाई, तुमचा आशीर्वाद फार चिकट निघाला.

दसऱ्याला चिपवर क्लिप बसवून जुन्या फर्मवेअरची प्रत उतरवायला घेतली. रीत अशी, की ते दोनदा वाचायचं आणि दोन्ही प्रती जुळल्या तरच नवं लिहायचं. आमच्या काही जुळेनात. माझं डोकं तापलं. म्हटलं, लिहून टाकू, होईल ते होईल.

"सुम्निरु, गप्प राहा," सहाना म्हणाली. "असंच भांडून कॉलेज सोडून आलास ना?"

मी गप्प बसलो. मला गप्प बसलेलं या सभागृहात कुणी पाहिलंय का? तिनं टूथब्रशनं चिपच्या पायांमधलं कुंकू खरवडलं. प्रती जुळल्या. नवं लिहिलं, बटण दाबलं. पडदा काळा. काळाच. अध्यक्षांचा लॅपटॉप मेला, या खात्रीनं मी डोळे मिटले, तर तिनं माझा हात धरला. मग पडदा उजळला. हात तिनं सोडला नाही.

असो. समाजाच्या वतीनं सहानाला शुभेच्छा.

पण माझं झालेलं नाही. मी तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माझं हो आहे. अप्पांना तू विचार, आणि न भांडता विचार." अप्पा म्हणजे तिचे वडील, आपले अध्यक्ष. त्यांच्या घरी मी किती खेपा घातल्या! कधी ते जेवत असतात, कधी झोपलेले, कधी मला फाटकात पाहून मागच्या दारानं बन्नूरच्या बसला निघालेले. पण समाजाची शिस्त त्यांनीच घालून दिली आहे. सभा संपेपर्यंत अध्यक्षांना खुर्ची सोडता येत नाही.

तेव्हा येसाजीराव, बेळगोळच्या दुरुस्ती-कारखान्यात मी आता कायम झालोय. ती पुण्यात खुशाल काम करू दे, मी येत-जात राहीन. सहानाला मी मागणी घालतो आहे. आणि पाहा, आवाजसुद्धा चढवलेला नाही.

इतका वेळ ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. जीभ कुठे घसरली असेल तर घरचंच पोर म्हणून पोटात घाला.

यापुढे अध्यक्षीय भाषण. मी खाली उतरत नाही. माईक धरायला इथेच उभा राहतो.