बावीवरची पाटी आणि खांबेटे मास्तर

सन्माननीय अध्यक्ष आप्पासाहेब खोत, व्यासपीठावर, म्हणजे बाकं जोडून वर टाकलेल्या सतरंजीवर, विराजमान झालेले प्रमुख पाहुणे शाळाखात्याचे तपासनीस दिपोटी साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आमचे खांबेटे मास्तर, कातळवाडीचे मानकरी, पडवीत दाटीवाटीने बसलेल्या आयाबाया, आणि खिडकीत चढून बसलेली इयत्ता तिसरी, सर्वांना रावजी काशीराम बाईत याचा नमस्कार.

दिपोटी साहेब विचारतील, हा कोण बाईत? साहेब, मी कराची बंदरात क्रेनवर खलाशी आहे. शिक्षण तिसरी पास. चौथीत होतो, पण चौथी माझ्यात नव्हती. आज मानपत्र वाचायचं काम खोतांच्या कारकुनांचं होतं. मानपत्र लिहिलंयही त्यांनीच. पण त्यांचा घसा बसला, आणि गावात अंगावर कोट असलेला दुसरा माणूस सापडला नाही. एवढ्याच पात्रतेवर मी उभा आहे.

माझे वडील तिकडे खांबाला टेकून बसलेत. येताना त्यांनी मला बजावलं, "मेल्या, लिवलाय ता वाच नि गप बस. तू जाशील कराचीला. आमाला खोताच्या दारात उभं ऱ्हायचं हाय." बाबा, काळजी नको. आप्पा उदार अंतःकरणाचे आहेत. मानपत्रातच लिहिलंय, दुसऱ्या ओळीत. मानपत्र मास्तरांचं, पण दुसरी ओळ आप्पांची.

तर वाचतो. फक्त वाचायचं कसं, ते ज्यांनी शिकवलं त्यांच्या पद्धतीने वाचतो. पद्धत पाहुण्यांना ठाऊक नसेल, म्हणून आधी दोन शब्द.

इतर शाळांत वाचन वाचनाच्या तासाला होतं, असं ऐकतो. आमच्याकडे ते भूगोलात व्हायचं, इतिहासात व्हायचं, आणि सर्वांत जास्त वस्तुपाठाच्या तासाला, म्हणजे बी, पाणी, बेडूक असल्या गोष्टींच्या धड्याला व्हायचं. एक मुलगा पुस्तकातलं एक वाक्य वाचणार. ते संपलं की अख्खा वर्ग ओरडणार, "कोणी पाहिलं?" मग ज्याने पाहिलं असेल त्याने उठून सांगायचं आणि पाटीवर लिहायचं. कोणीच पाहिलं नसेल तर ज्याने सांगितलं त्याचं नाव लिहायचं, आणि पुढे 'असे म्हणतात' एवढं जोडायचं. झालं. मास्तरांची सगळी विद्या ही.

भूगोलात एकदा आलं, 'आपल्या इलाख्यातील लोकांचे मुख्य अन्न ज्वारी होय.' कोणी पाहिलं? आमचा सदू उठला आणि घरोघर चुलीत डोकावून आला. भात सापडला, नाचणी सापडली, एका घरी तर पाहुणा समजून त्याला कुळथाचं पिठलं वाढलं. ज्वारी नाही. आम्हांला वाटलं, पुस्तक खोटं पडलं, आज सुट्टी! मास्तर म्हणाले, "गाढवांनो, कातळवाडी म्हणजे इलाखा का? सावर्ड्याच्या बाजाराला घाटावरचे गाडीवान येतात, त्यांना विचारा." विचारलं. एका गाडीवानाने फडकं सोडून भाकरीच हातात दिली. मग सदूने लिहिलं, 'ज्वारी घाटावर खातात. भाकरी आम्ही पाहिली. बाकी गाडीवान शिदोबा म्हणतात.' सदूला त्याआधी स्वतःचं नावही धड लिहिता येत नव्हतं. पण भाकरी खाल्लेल्या माणसाला ती लिहायची घाई होते.

इतिहासात तर विचारूच नका. 'अमुक राजा फार न्यायी होता.' कोणी पाहिलं? मास्तर म्हणायचे, "पाहणारे मेले. आता एवढंच विचारा की हे कोणी लिहिलं, आणि तो कोणाकडे चाकरीला होता."

कारकूनसाहेब, तुम्ही का खोकलात? मी राजाबद्दल बोलतोय.

या सवयीचे तोटेही झाले, ते लपवत नाही. देवळात कीर्तनाला गेलो, बुवांनी स्वर्गाचं वर्णन केलं, आणि आमची अख्खी रांग ओरडली. प्रत्येकाला आपापल्या बापाने घरी नेऊन जे दाखवलं तो स्वर्गच. कराचीला मुकादम म्हणाला, क्रेनची साखळी तपासलेली आहे. माझ्या तोंडून गेलं, कोणी पाहिली? त्याने मला त्या दिवसापुरतं गोदीबाहेर काढलं. आता तुम्हांला वाटेल की साखळी तुटली आणि रावजी खरा ठरला. नाही तुटली. चांगली दणकट होती, अजून आहे. मास्तरांचा प्रश्न दर वेळी जिंकतोच असं नाही.

पण एकदा जिंकला, आणि त्याचीच फेड आज चालली आहे.

दिपोटी साहेब, गावात पायऱ्यांची एक बाव आहे, खोतांच्या आगराला लागून. वैशाखात बाकीच्या विहिरी आटतात, तेव्हा सगळा गाव तीच पितो. आणि त्याच दिवसांत गावात नारू निघायचा. नारू साहेबांनी पुस्तकात पाहिला असेल. आम्ही आईच्या पायात पाहिला. दोऱ्यासारखा किडा कातडीतून बाहेर येतो, तो काडीला गुंडाळत बसायचं, रोज थोडा थोडा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळतं. आग फार होते, म्हणून बायामाणसं बावीच्या खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायची.

पाण्याचा वस्तुपाठ आला तेव्हा मास्तरांनी सांगितलं, बाटल्या आणा. ज्याने त्याने आपल्या बावीचं पाणी आणलं. बाटल्या उन्हात धरल्या. खोतांच्या बावीच्या बाटलीत पांढरे बारीक कण टुणटुण उड्या मारत होते. पाटीवर लिहा! लिहिलं. मग आरोग्यखात्याचं पत्रक वाचलं. त्यात लिहिलेलं की नारूची पिल्लं पायातून पाण्यात पडतात, असल्या कणांच्या पोटात जातात, आणि पाण्याबरोबर आपल्या. कोणी पाहिलं? कण पाहिले. पाय पाहिले. पोटातलं डॉक्टर म्हणतात. तसंच्या तसं लिहिलं.

आणि मग आम्ही फळीवर चुन्याने पाटी रंगवून बावीच्या तोंडाशी लावली. 'या बावीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यावे. पाण्यात पाय बुडवू नये. सही, इयत्ता तिसरी.'

पाटी वाचणार कोण? बावीवर पाणी भरणाऱ्या एकाही बाईला अक्षर येत नव्हतं. माझी आई गोदा घागर टेकून मला म्हणाली, "काय रे ता? कुनाचा नाव लिवलाव?" मी वाचून दाखवलं. तिचा विश्वास नाही. "बाय माझे! एवढा निवळ पानी, नि त्यात किडं?" बाटली दाखवली. थोडा वेळ बघत राहिली. मग पाटीकडे बोट करून म्हणाली, "ह्यात 'गाळून' खंय हाय ता दाखव." साहेब, माझ्या आईला आजही तेवढी एक पाटी वाचता येते. बाराखडी येत नाही, पाटी येते. आणि तिच्या पायात पुन्हा नारू निघाला नाही. कोणी पाहिलं? ती समोर बसली आहे, पाय तिचेच आहेत.

आप्पांना मात्र पाटी लागली. पूर्वजांनी बांधलेली बाव, देवाच्या अभिषेकाचं पाणी, तिच्या तोंडावर ही अक्षरं! "इयत्ता तिसरी कोण लागून गेली?" असं आप्पा गरजले, आणि पाटी त्यांच्या चुलीत गेली. पुढच्या वर्षी नव्या तिसरीने नवी लावली. तीही चुलीत. तेव्हापासून दर शिमग्यानंतर तिसरी पाटी लावते आणि खोतांच्या घरी एक दिवस सरपण आयतं मिळतं. यंदा माझी बहीण चिमा तिसरीत आहे. यंदाची पाटी तिच्या हातची. आणि यंदाच आप्पा शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डावर निवडून आले.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे, पण मोठ्याने कोणी म्हणत नाही. वर अर्ज गेला, की मास्तर क्रमिक पुस्तक शिकवत नाहीत, मुलांना उद्धट करतात, आणि देवाच्या पाण्याची बदनामी करतात. मास्तरांना निवृत्त करायचा कागद आज दिपोटी साहेबांच्या बॅगेत आहे. सही अजून व्हायची आहे. हार आधी आला, सही मागून येणार आहे. जागेवर आप्पांचे भाचे यायचे आहेत, असे आप्पांचे भाचे म्हणतात.

आता मानपत्र वाचतो.

'आपण या खेड्यात ज्ञानगंगा आणलीत.' कोणी पाहिलं?

पाहिलंत साहेब, खिडकी कशी ओरडली? गप्प बसा रे, सभा आहे. गंगा आम्ही पाहिली नाही. बाव पाहिली. पुढे.

'आपल्या खालावलेल्या प्रकृतीमुळे...' कोणी पाहिलं? काल मास्तर छत्री घेऊन कातळाचा चढ चढून वर आले, आणि मी त्यांच्या मागे धापा टाकत होतो. धापा टाकणारा प्रकृतीमुळे जात असेल, तर मी जायला हवं.

'...आपण स्वेच्छेने सेवानिवृत्त होत आहात.'

हे वाक्य कोणी पाहिलं? कोणी मास्तरांच्या तोंडून ऐकलं? ऐकलं असेल त्याने हात वर करा. पडवीतून? नाही. मानकऱ्यांतून? मास्तर, तुम्ही स्वतः ऐकलंत का?

मास्तर खाली बघून हसतायत. हात वर नाही.

मग मास्तरांच्या नियमाने हे वाक्य असं वाचावं लागतं: 'आपण स्वेच्छेने सेवानिवृत्त होत आहात, असे आप्पासाहेब खोत म्हणतात.'

आप्पा, बसा, बसा. तुमचा अपमान करायला मी उभा नाही. एक आभाराची गोष्ट राहिली आहे आणि ती तुमच्याच घरची आहे. आज हे जे कोकमाचं सरबत ठेवलंय, त्याचे हंडे सकाळी तुमच्या ओटीवरून मी उचलून आणले. हंड्यांच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. दुहेरी. मी तुमच्या मंडळींना, आनंदीबाईंना, विचारलं, "बाई, हे कशाला?" त्या म्हणाल्या, "अरे, आमच्याकडे गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. पहिली पाटी चुलीत घालताना मीच ती वाचली होती." मी विचारलं, "आणि आप्पा?" त्या म्हणाल्या, "त्यांचं पाणी तर दोनदा गाळते. त्यांनीच सांगितलंय."

बाई, नाव घेतलं म्हणून रागावू नका. ज्याने सांगितलं त्याचं नाव घ्यायचं, असा नियम आहे.

दिपोटी साहेब, माझं एवढंच मागणं आहे. सही करायच्या आधी एकदा बावीवर चला. बाव इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिसरीकडे बाटली तयार आहे, ऊनही चांगलं पडलंय. बघा, आणि मग वाटेल ते लिहा. फक्त जे लिहाल ते तुम्ही पाहिलेलं असू दे.

अध्यक्षांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, सरबत दिलं आणि ते गाळून दिलं, त्याबद्दल त्यांचा आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर माझ्या अर्ध्या चौथीला माफ करा. मास्तरांनी मला तिसरीपर्यंतच हाताळलं आहे. आणि आप्पा, राग यायचाच असेल तर माझ्यावर येऊ दे. माझ्या बापाने मला वाचून गप्प बसायलाच सांगितलं होतं. हे सगळ्या पडवीने ऐकलंय.

साहेब उठले वाटतं. चिमा, खाली उतर, साहेबांना वाट दाखव. बाटली सांभाळून. आणि साहेब, पायऱ्या उतराल तेव्हा पाय पाण्यात बुडवू नका. पाटी सध्या जागेवर नाही, म्हणून तोंडी सांगतो.

सही, इयत्ता तिसरी.