फोर्कलिफ्ट ओढत नाही

नाही, नाही, तुम्ही आडवेच राहा, शुभंकरभाई, उठू नका, मला मशीनखालून तुमचे नुसते बूट दिसले तरी बोलता येतं. तर काय सांगत होते — हां, फोर्कलिफ्ट ओढत नाही. थंड असली की शहाण्यासारखी चालते, आणि जरा गरम झाली की फॉरवर्ड टाका, विचार करत उभी. मग एकदम झटका देऊन निघते. आमचे भास्करराव जेवायला हाक मारल्यावर उठतात ना, अगदी तसं. रिव्हर्सलाही तेच. तुम्हीच मागच्या खेपेला सांगितलंत, एकाच बाजूला अडली तर त्या बाजूचा क्लच, दोन्हीकडे अडते म्हणजे एक तर पंप दाब देत नाही, नाहीतर सगळ्याच प्लेटा जळल्या — बघा, लक्षात आहे माझ्या. उगाच नाही पादरा गावच्या रस्त्यावर मी मशीन भाड्याने देत.

मापाच्या काडीला ऑइल काळं लागलंय? वास तर मला इथपर्यंत येतोय, फोडणी करपल्यासारखा. आता ह्याला काय म्हणावं — नवं ऑइल, नव्या प्लेटा, सगळं तुमच्याच हातचं. मागच्या खेपेलाही असंच जळलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, कुणीतरी डावा पाय त्या इंचिंग पेडलवर ठेवून चालवतंय. माल लावताना गाडी इंच-इंच सरकवायला असतं ते. पाय तसाच राहिला की इंजिन पळतं, चाकाला अर्धाच जोर जातो आणि आत प्लेटा घासून जळतात. मला लगेच पटलं. त्याच संध्याकाळी कुशलला काढला. चालवायला तोच होता, दुसरं कोण असणार? वाईट वाटलं हो — वासण्याहून यायचा बिचारा, कधी खाडा नाही, बायकोला दिवस गेलेत — पण मी म्हटलं, ज्याला पाय जागेवर ठेवता येत नाही त्याने घरी बसावं. तो एवढंच म्हणाला, काकी, माझा पाय नव्हता. सगळे असंच म्हणतात. परवा फाटकाशी येऊन उभा होता, आत आला नाही. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

काय म्हणालात? त्याच्यानंतर कोण चालवतं? कोणी नाही. नवा ड्रायव्हर मिळेल तर ना. खताच्या गोडाऊनवाले रोज फोन करतात, बेन, मशीन क्यारे आवशे — मी म्हणते, आवशे, आवशे, येईल लवकरच. नाही हो, कोणी हातसुद्धा लावत नाही. भास्करराव तेवढे सकाळी चक्कर मारतात, आवारातल्या आवारात, रिकामीच, बॅटरी उतरू नये म्हणून. त्याला काय चालवणं म्हणतात? त्यांचा जन्म गेला रिफायनरीच्या स्टोअरमध्ये, जुन्या क्लचवाल्या फोर्कलिफ्टवर — त्यांना कोण शिकवणार? उलट इतकं जपतात की दसऱ्याला मशीनची पूजा केली तेव्हापासून चप्पल काढून वर चढतात. लक्ष्मी आहे, तिला चपलेने पाय कसा लावू, म्हणतात. मी हसले. म्हटलं, माझ्या पुसलेल्या लादीवर बरे चपलेने येता.

पण खोटं कशाला बोलू — तो अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर कित्येक महिने नुसते खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. चहासुद्धा मागत नव्हते. आणि पहिल्यांदा ह्याच्यावर चढून एक फेरी मारून आले, तर म्हणाले, अहल्या, आज आमरस कर. भर थंडीत. आता आमरस कुठून आणू मी? पण इतकं बरं वाटलं, आत जाऊन रडून घेतलं. अजून डावी बाजू जड आहेच, तो पाय कुठे पडलाय ते त्यांना कळत नाही — मलाच सांगावं लागतं, अहो, पाय ताटात जाईल, अहो, चप्पल सुटली मागे —

बाहेर का आलात? झालं बघून? मग असे बघताय काय माझ्याकडे. काय दाखवताय, पेडल? रबर झिजलंय, दिसतंय मला. गुळगुळीत झालंय. बुटाचा एक ओरखडा नाही त्याच्यावर, आमच्या उंबऱ्यासारखं — थांबा. ह्या प्लेटा तुम्ही कुशल गेल्यावर घातल्यात. हो. हो, कळलं मला. तुम्ही बोलू नका. मी इतका वेळ बोलले, आता तुम्ही बोलू नका.

त्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर ते भांडणार नाहीत हो, भांडले असते तर बरं होतं. किल्ली आणून माझ्या हातात ठेवतील आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील. मग मी हे धूड वाचवून काय करू? पंप दाब कमी देतोय म्हणा. पंपाला कुठे वाईट वाटतंय. आणि कुशलला मी बोलावते, आजच, तुम्ही गेल्या गेल्या. काय सांगू त्याला — सांगेन, काकीचं डोकं फिरलं होतं. त्यात त्याला नवीन काही वाटायचं नाही. माल तो उचलेल, आणि सकाळी तो यायच्या आधी —

अहो, अनवाणी कुठे निघालात, खडी टोचेल. किल्ली इथेच आहे. हो, बघितलं शुभंकरभाईंनी, पंपाचं काहीतरी आहे म्हणतात, जुनं मशीन, चालायचंच. नाही हो, तुमचं काय असणार त्यात. थंड आहे तोवर एक चक्कर मारून बघा म्हणाले. म्हणालात ना, शुभंकरभाई? बघा, मान हलवली त्यांनी. फाटकापर्यंतच, अं? धरा इथे. उजवा पाय वर घ्या आधी. डावा मी ठेवते उचलून, तुम्ही समोर बघा.

शुभंकरभाई, प्लेटांचा अजून एक सेट मागवून ठेवा. आणि निघा आता.