डोळ्यांवरची काळी पट्टी

परवा मी डॉक्टरांवरच ओरडलो, ऐका. दादानं जाण्याआधी होकार दिला होता, म्हणून त्यांनी त्याच्या आजारावर डॉक्टरांच्या मासिकात लेख छापला आणि मला बोलावून दाखवला. फोटोत दादाच्या डोळ्यांवर काळी पट्टी!

"माझ्या भावाला चोरासारखं का छापलंत?"

"बेटा, पेशंटची ओळख लपवावी लागते."

"हनुवटीवरून मी ओळखलंच की!"

"तू भाऊ आहेस. पण ही गळ्याची सूज बघून दुसऱ्या गावच्या डॉक्टरनं एका मुलीचा आजार वेळेत ओळखला. ती वाचली."

मी त्यांचे पायच धरले. लेख घेऊन पिपलानी कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरवर आलो, आईला सगळं सांगितलं.

ती दादाच्या तसबिरीकडे बघत म्हणाली, "आजच्या दिवस तो हार काढ रे. पोरगा कुणाला तरी वाचवून घरी आलाय."