एका माणसाचं विमान

...आणि वर मलाच विचारतो, "साहेब, सीट कातडी घेणार की कापडी?" अरे, मी विमान घ्यायला आलोय की सोफा? तुम्हाला सांगतो, माणसानं आयुष्यात काहीही घ्यावं, घोडा घ्यावा, हत्ती घ्यावा, पण विमान घेऊ नये. म्हणजे विमान एक वेळ घ्यावं, पण त्याच्याबरोबर ते जे जे मिळतं ना... मिळतं कसलं, गळ्यात मारतात... ते ऐकायला थांबू नये. सही करावी आणि पळत सुटावं!

आता तुम्ही म्हणाल, हा चष्मेवाला, याला विमान कशाला? बरोबर आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. पण आमच्या हिची थोरली बहीण राहते डोंगरापलीकडे, तिथल्या धावपट्टीला लागूनच. डोंगर मधनं उचलून बाजूला ठेवला तर पलीकडच्या अंगणातली ताई दिसेल, एवढंसं अंतर! पण रस्ता? घाटच घाट! सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचतो, आणि हिला तर पहिल्याच वळणावर मळमळायला लागतं, दुसऱ्यावर गाडी थांबवा, तिसऱ्यावर परत फिरवा. ताईंचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांना उंबरा ओलांडवत नाही. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात, आणि फोन ठेवला की ही डोळे पुसते. विचारलं की म्हणते, "कांदा चिरत होते." हातात कांदा नाही, सुरी नाही... बाई दिवाणखान्यात बसलीय! किती दिवस बघायचं हो ते? म्हणून मी शिकलो विमान. या वयात! लायसन्स काढलं! तिसऱ्या खेपेला का होईना, पण काढलं.

काय सांगत होतो? हां, सीट.

तर तो विकणारा. मी त्याचं नाव गोड्या ठेवलंय, कारण तोंडात साखर आणि पोटात काय ते त्यालाच ठाऊक. दोन माणसांचं छोटंसं विमान दाखवलं. आहा! काय देखणं! म्हटलं, बांधा. तर म्हणतो, "साहेब, एवढ्यावरच घेणार? नाही, घ्यायलाच हवं असं काही नाही... पण घेतलेलं बरं."

अहो, मी चमकलोच. कारण हे वाक्य माझं आहे! माझ्या दुकानात, माझ्या काउंटरवर, मी गिऱ्हाइकाला म्हणतो, "काचेवर ओरखडे न पडणारं कोटिंग? घ्यायलाच हवं असं काही नाही... पण घेतलेलं बरं." गिऱ्हाईक घेतंच! आजवर एक माणूस सुटलेला नाही त्यातनं. आणि तेच जाळं हा कालचा पोरगा माझ्यावर टाकतो? मला? मनात म्हटलं, बेट्या, तू चुकीच्या दुकानदाराला गाठलंयस. काही म्हणजे काही जादा घेणार नाही!

पण मी हिला बरोबर नेली होती ना! तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

ही चढली त्या नमुन्याच्या विमानात, बसली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हटलं, "काय मग? जायचं ताईकडे?" म्हणते, "बघू." आता हे 'बघू' ज्यांच्या घरात आहे त्यांना मी काय सांगणार? बघू म्हणजे नाही. नाही म्हणायचं कारण अजून सापडलेलं नाही, एवढाच काय तो फरक. मग म्हणाली, "उकडतं हो." गोड्या पुढे! "वहिनी, एसी बसतो ना यात! घ्यायलाच हवं असं काही नाही..." घेतला एसी. म्हटलं, आता? "बघू. वर गेल्यावर यांचं काही चुकलं तर?" गोड्या हजर! "छत्री आहे ना, वहिनी! अख्ख्या विमानाला! दांडा ओढला की विमान अलगद खाली." घेतली छत्री. "आणि यांना डुलकी लागली तर?" आपोआप उडवायचं यंत्र. घेतलं! "आणि हे बोलत बसले आणि समोरून दुसरं विमान आलं तर?" ओरडणारं यंत्र. घेतलं! "आणि हे चष्मा घरी विसरले तर?" अहो, चष्मेवाला चष्मा विसरेल? ... एकदाच विसरलो होतो, त्या दिवशी फाटकाचा खांब पडला, तो तसाही जुना होता... पण ते जाऊ दे, मोठ्ठ्या अक्षरांचा दुसरा पडदा, घेतला! वाट चुकलो तर पेट्रोल पुरावं म्हणून मोठी टाकी, घेतली! शेवटी तर गोड्यालाही बोलायची गरज पडेना, मीच म्हणायला लागलो, "घ्यायलाच हवं असं काही नाही, पण..." तो नुसता मान हलवायचा.

आणि तुम्हाला सांगतो, ही हसली! म्हणाली, "आता बसेन." डोळ्यात पाणी, आणि या वेळी कांद्याचं नाव नाही. तिथल्या तिथं ताईंना फोन. पलीकडून ताई रडतायत, इकडून ही रडतेय, मधे गोड्या उगाच नाक पुसतोय. मी भरून पावलो हो. म्हटलं, खर्च गेला खड्ड्यात.

यथावकाश विमान आलं. मला शिकवलं ते कॅप्टन आले बघायला. माणूस कमी बोलणारा. सगळीकडे फिरले, कागदावर काहीतरी मांडलं, पुन्हा मांडलं, माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "छान आहे. कोण जाणार?"

म्हटलं, "कोण म्हणजे? दोघं!"

"दोघं नाही जाणार. या विमानानं किती वजन उचलायचं ते ठरलेलं असतं. तुम्ही त्यात एवढं सामान भरलंय, की आता एकाच माणसापुरती जागा उरली."

अहो, समोर दोन सीटा दिसतायत! कातडी! म्हटलं, पेट्रोल कमी भरतो. म्हणाले, भरा, डोंगरावर संपेल. म्हटलं, एसी काढतो. म्हणाले, त्यानं भागणार नाही. म्हटलं, छत्री काढतो. म्हणाले, ती अंगातच बांधलीय, काढायची तर विमान कारखान्यात परत. म्हटलं, मी बारीक होतो! नुसते बघत राहिले माझ्या पोटाकडे.

म्हणजे बघा हं! हिनं बसावं म्हणून एकेक घेतलं, आणि त्या घेतलेल्यानं हिचीच जागा खाल्ली! मला तोंड वर करवेना. म्हटलं, आता ही रडणार. आणि ही शांतपणे कॅप्टनना विचारते, "एक माणूस जातं ना? मग ते एक माणूस कोण, असं काही ठरलेलं आहे का?"

कॅप्टन म्हणाले, "नाही. ज्याला येतं तो."

"मग मला शिकवा."

मी म्हटलं, "अगं, तू? तुला तर विमानाची भीती वाटते!"

"मी कधी म्हटलं? अहो, मला विमानाची भीती कधीच नव्हती. तुम्ही चालवणार, त्याची होती."

...

लागलं हो. का नाही लागणार? दोन दिवस दुकानात नुसत्या काचा पुसत बसलो. पण खोटं कशाला बोलू, कॅप्टनच्या विमानावर शिकली आणि पहिल्या खेपेत पास झाली! आणि परवा निघाली ताईकडे, एकटी. मी धावपट्टीच्या कुंपणाला धरून उभा. ते विमान डोंगराआड जाईपर्यंत मी श्वास घेतला की नाही, देव जाणे. केवढी मोठी दिसत होती ती त्या एवढ्याशा विमानात!

आणि मग मी गाडीत बसलो. कारण हिची बॅग! विमानात वजन चालत नाही ना! निघालो घाटानं, पुढे एक ट्रक, त्याच्यापुढे आणखी एक ट्रक, आणि पाचव्या वळणावर फोन. "अहो, पोचले! चहा झाला, गप्पा झाल्या, आता आम्ही दोघी जरा पडतोय. ताई विचारतेय, बॅग कधी येणार?"

बॅग! मी नाही, बॅग!

म्हटलं, "निघालीय. येईल दिवेलागणीपर्यंत. आणि काळजी करू नका म्हणावं... मी आहे तिच्याबरोबर."