शंका येण्याजोगं कारण

नाही, नाही, ताई, रुचिरला असं बोलू नका. ‘सरांना विचारलं असतं तर ही वेळ आली नसती’ – तुम्ही आई आहात, तुम्हाला तसं वाटणारच, पण – बसा ना, उभ्या का? ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे बसा. सेंगकांगहून क्वीन्सटाउनपर्यंत एकट्या आलात, गाडी बदलून, अर्धं सिंगापूर ओलांडून, कमाल केलीत. कोपी – इथली कॉफी हो – आणू खालून? नको? बरं. तर पत्र. वकीलबाईंना कोर्टात द्यायला पत्र हवंय – रुचिर सज्जन आहे, कष्टाळू आहे, मी निवृत्त प्राध्यापक भाऊसाहेब शेजवळ त्याला सहा वर्षं ओळखतो, आणि खाली सही. आठ ओळी. लिहितो की! न लिहायला काय झालं? सकाळपासून तीन कागद फाडले, ती बघा टोपली. ‘सज्जन’ लिहिलं की पेन थांबतं. त्याच्याबद्दल शंका नाही हो, तो आहेच सज्जन. पेन थांबतं ते – जाऊ द्या. अक्षर बिघडलंय माझं, दुसरं काय.

त्यानं तुम्हाला नीट सांगितलंच नसेल, नाही का? ‘ऑफिसची भानगड आहे, आई’ – एवढंच ना? सांगतो. तुम्ही शाळेत शिकवत होता, मी कॉलेजात, आपल्याला फोड करून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. कार्बनचा धागा असतो – केसाएवढा बारीक, काळा, पण पोलादाहून चिवट. रुचिरची कंपनी एक मशीन विकायची, ते हा धागा डिंकासारख्या रसायनात भिजवून फिरत्या साच्यावर गुंडाळतं. चातीवर सूत गुंडाळावं तसं. त्याचे पाण्याचे पाइप होतात, गॅसच्या टाक्या होतात, मासे धरायच्या काठ्यासुद्धा होतात. आणि क्षेपणास्त्राचं नळकांडंही होतं. मशीन तेच. वाईट काय ते मशीनवर लिहिलेलं नसतं, म्हणून कायदा लागतो. रुचिरनं निर्यातीच्या फॉर्मवर सही केली – माल पाण्याच्या पाइपांसाठी जातोय, परवान्याची गरज नाही. आणि दोन वर्षांनी तेच मशीन भलत्याच देशात, भलत्याच कारखान्यात निघालं. पाइप तिथे नव्हते.

तो कायदा – हे तुम्हाला ठाऊक नसेल – तो करताना मी होतो. म्हणजे मतं द्यायला नव्हे, मी कोण मोठा लागून गेलो – पण मसुदा करणाऱ्या समितीला धातू-धागे समजावून सांगणारा माणूस हवा होता, म्हणून बोलावलं. नवा सूट शिवला मी. आमची ही – सरला – हसली, म्हणाली, दुसऱ्यांदा बोहल्यावर चढताय का? पण आमच्या घरात, ताई, कायदा लिहिणारा माणूस भिंतीवर असतो, हार घातलेला – तो बघा. त्यांच्या फोटोखाली वाढलेल्या पोराला एका कलमाचे दोन शब्द लिहायला मिळणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला कसं सांगू? आणि बुद्धानं जे पाच धंदे करू नयेत म्हणून सांगितले, त्यात पहिलाच शस्त्रांचा. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

यादी केली आम्ही. धागा गुंडाळायच्या मशीनला तीन दिशांच्या हालचाली असतील तर परवाना हवा, दोनच असतील तर नको – हे तीन आणि दोन समितीला मी फळ्यावर काढून दाखवलं. पण यादीला पळवाट असतेच. दोनचं मशीन न्या, तिकडे तिसरी हालचाल जोडा! म्हणून शेवटी आणखी एक कलम – वस्तू यादीत नसली तरी ती क्षेपणास्त्रासाठी जाणार हे तुम्हाला माहीत असेल, तर परवाना घ्या, नाहीतर तुरुंग. मसुद्यात ‘माहीत असेल’ एवढंच होतं. मी भांडलो. म्हटलं, माहीत नव्हतं असं कुणीही म्हणेल, ‘शंका येण्याजोगं कारण असेल’ असं घाला. मिसेस तान म्हणून एक कायदेपंडित बाई होत्या, चष्मा काढून म्हणाल्या – प्रोफेसर, ह्यात मालक सापडणार नाही, सही करणारं पोरगं सापडेल. मी काय म्हणालो? म्हणालो, पोरग्याला डोळे नसतात का? सगळे हसले. हशा पिकला की कलम मंजूर होतं, ताई. रुचिरवर लागलंय ना, ते हेच कलम.

असं बघू नका माझ्याकडे. कलम वाईट नाही. आजही म्हणेन, वाईट नाही. ज्यांच्या डोक्यावर ते नळकांडं पडायचं त्यांचं नाव कुठल्याच फॉर्मवर नसतं, त्यांच्यासाठी कुणीतरी कडक व्हायला हवं – नाही का? पण रुचिरला कसली शंका येणार? तो विकणारा माणूस, त्याला ड्रॉइंगमधलं काय कळतं! इथे पसरून बसला तेव्हा बिचारा उलटंच धरून –

कुठे काय? काही नाही. बोलण्याच्या ओघात – नाही, इथे म्हणजे – हे बघा, म्हातारपणी –

आला होता. हो. तीन वर्षं झाली, रविवारी, सकाळी. ह्याच टेबलावर ड्रॉइंग पसरलं. विचारलं होतं त्यानं, ताई. तुम्ही अर्ध्या तासापासून त्याला बोल लावताय, मी ऐकून घेतोय, आणि त्यानं विचारलं होतं. म्हणाला, सर, यादी करताना तुम्ही होता, तुमच्याहून कुणाला जास्त कळणार? मी सांगितलं, दोनच हालचाली आहेत, यादीत बसत नाही, कर सही. उठताना वाकून नमस्कारही केला. आणि पोलिसांनी विचारलं, कुणाचा सल्ला घेतलास, तर लिहून दिलं – कुणाचाच नाही. तुम्हालाही तेच सांगितलं. का? कारण त्याला वाटतं, सरांची चूक झाली. म्हाताऱ्याची नजर चुकली, आता ह्या वयात त्यांना कुठे कोर्टात ओढायचं!

नजर चुकली नव्हती.

ड्रॉइंगमध्ये मशीनच्या सांगाड्यावर एक कोरी पट्टी होती. तिला चार भोकं, बोल्टांची. तिथे काहीच बसवलेलं नव्हतं. दोन हालचालींच्या मशीनला ती पट्टी कशाला लागते? तिसरी जोडायलाच लागते. पाणीपाइपवाल्याला ती काय करायचीय? मी त्या भोकांवर बोट ठेवलं होतं, ताई. हे बोट. रुचिर म्हणाला, ते काय आहे, सर? मी म्हटलं, काही नाही, नेहमीचं आहे. शंका येण्याजोगं कारण कुणाकडे होतं, सांगा? माझे शब्द, माझं कलम, आणि कारणही माझ्याच बोटाखाली!

का म्हणजे? घाईत होतो – नाही, घाई नव्हती. मला कसली घाई? खरं सांगू? परवाना काढायला दोन महिने गेले असते. गिऱ्हाईक गेलं असतं. कंपनीनं त्याला आधीच बजावलं होतं, हा सौदा झाला नाही तर इथला कामाचा पास पुढे वाढवणार नाही. पास नाही म्हणजे रुचिर पुण्याला. आणि रुचिर पुण्याला म्हणजे – तो दर रविवारी यायचा ना. सरला गेल्यापासून. मला हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांवर न्यायचा, थोसाई – आपला डोसा – घ्यायचा, माझ्या जुन्या गोष्टी नव्यानं ऐकल्यासारख्या ऐकायचा. सोमवार ते शनिवार माझ्याशी लिफ्टसुद्धा जास्त बोलते. तेव्हा काही एवढा हिशेब मनात मांडला नव्हता, पण बोट उचललं ते त्या हिशेबानंच. एका रविवारासाठी. लाज वाटते सांगायला, आणि याहून लाज वाटेल असं सांगतो – परवा कळलं की गुरुवारी तो गुन्हा कबूल करणार, म्हणजे साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही, मला कुणी काही विचारणार नाही, तेव्हा मी दोन घास जास्त जेवलो.

पत्र लिहून देतो ना. चांगलं लिहितो, दोन पानी लिहितो, माझ्या सगळ्या पदव्या घालतो खाली – नको? मग काय – फोन कुणाला लावताय? वकीलबाईंना लावा. ताई, वकीलबाईंना, त्यांना मी सगळं सांगतो, काय व्हायचं ते होऊ दे माझं, पण रुचिरला नको, त्याला आत्ता – ताई, ऐका –

मला कशाला देताय फोन – हॅलो. हो, मीच. आई इथेच आहेत. नाही, बऱ्या आहेत. नाही रे, रडत नाहीयेत. अरे, सांगितलं मी. हो, तू विचारलं होतंस ते. ओरडू नकोस, ऐक – नाही, नाही, माझी चूक नव्हती झाली. चूक नव्हती म्हणतोय मी! ती पट्टी आठवते? चार भोकं? मला कळलं होतं, रुचिर. त्याच दिवशी, तू समोर बसला होतास तेव्हाच कळलं होतं. – रुचिर? –

ठेवला त्यानं.

नाही, परत लावू नका. उचलायचा नाही तो. वकीलबाईंचा नंबर तेवढा ह्या कागदावर लिहा – मोठा लिहा, मला दिसेल असा – आणि तुम्ही उठा. बसू नका इथे. घरी तो एकटा आहे.