फ्रिजचा पांढरा

हे खरं तर मी सांगायचं नव्हतं. समोरच्या काकांनी बजावलंय, "चिमणे, कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही!" पण तुम्हाला सांगते, आता राहवतच नाहीये... म्हणजे बघा ना, गुपित काकांचं आणि लाज माझी!

मंगळवारी क्लासला उशीर झाला म्हणून मी सायकल भिंत आणि आमची गाडी यांच्यातल्या फटीतून ओढली, आणि ब्रेकचा दांडा गाडीच्या मागच्या दारावरून... कर्रर्र! वीतभर ओरखडा. थुंकी लावून पुसला, जाईना. नख फिरवलं तर नखच अडकलं! संध्याकाळी बाबा वाकून बघतायत आणि म्हणतायत, "हे समोरच्यांचंच काम! रोज स्कूटर इथे खेटून लावतात, डोळ्यांना दिसत नाही धड, पण सांगायचं कुणी?"

आणि मी? सायकल हळूच जिन्यामागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काका म्हणाले, "काय, बरं आहे ना?" तर बाबा पायऱ्या मोजल्यासारखे खाली बघत वर निघून गेले! ज्या काकांनी मला पूर्ण सुट्टीभर अपूर्णांक शिकवले, त्यांच्याशी! मग काय, साठवलेले पैसे घेऊन मी रंगाच्या दुकानात. दुकानदार म्हणे, "कोणता पांढरा?" म्हटलं, "पांढरा... पांढरा." "अगं, पांढऱ्यात बावीस प्रकार आहेत! गाडीच्या दाराच्या चौकटीत स्टिकर असतो, त्यावरचा नंबर आण, तसाच बनवून देतो." किंमत ऐकली आणि मी उगाच पैशांच्या पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. "याहून स्वस्त नाही का?" "आहे की, ही बाटली. पण ही फ्रिजला लावतात." मी म्हटलं, फ्रिज काय नि गाडी काय, दारं दोघांनाही असतात! पांढरा म्हणजे पांढराच ना?

एवढ्यात दुकानात कोण यावं? काका! हातात कागद, त्यावर आमच्या गाडीचा नंबर, स्टिकरवरचा, कधी टिपला कोण जाणे, सुंदर अक्षरात! मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "चिमणे, बाबांचं बोलणं ऐकलं मी, माझ्या स्कूटरनंच लागलं असणार गं. हल्ली अंदाज चुकतो माझा. बाबा झोपले की गुपचूप लावून टाकतो." मग किंमत ऐकून त्यांचाही चेहरा पडला. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला चित्रकलेत बक्षीस आहे, तूच सांग, हा स्वस्तातला चालेल का?"

तेव्हा तरी बोलायचं ना? पण तोंडातून काय निघालं? "चालेल, काका. पांढरा म्हणजे पांढराच."

आज दुपारी काका वर्तमानपत्रावर गुडघे टेकून रंगवत होते, इवल्याशा ब्रशनं, जीभ दातात धरून. आणि मी फाटकात पहाऱ्याला! वाळल्यावर बघते तर काय... आमची गाडी सायीच्या रंगाची आणि तिच्यावर वीतभर फ्रिज! लांबून चमकतोय! काकांनी एकदा चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि सरळ वर जाऊन बाबांसमोर हात जोडले. बाबा एकदम विरघळले. "अहो, चालायचंच, वय होतं माणसाचं!" आणि काका म्हणाले, "म्हणूनच ठरवलंय, आजपासून स्कूटर बंद. किल्ली आणून देतो, तुमच्याकडेच ठेवा."

बंद! ज्या स्कूटरवरून ते रोज दवाखान्यात काकूंना भेटायला जातात, ती! आणि मी? दाराआड.

पण आता बास. बाबा खाली गाडीपाशी गेलेत, आता तिथेच जाते आणि सगळ्यांसमोर सांगते. वाक्यही पाठ केलंय...

"अगंऽऽ खाली ये लवकर!" ऐकलंत? बाबा! "काका किल्ली घेऊन आलेत! म्हणतायत, अठरा पूर्ण झाली की स्कूटर तुलाच! म्हणे, ही पोर कधी कुठे घासायची नाही!"

आले, बाबा! जाते हं मी. पहिलंच वाक्य, बघा, असं उभं राहून, डोळ्यांत बघून... काका, तो ओरखडा तुमचा नाही, तो मा...

"आलीस का गं?"

आले, आले...