सतरा नंबरची साक्षीदार

नाही, तो फॉर्म आधी पिशवीत ठेवा, मग बोलू. नवी चौकशी समिती नेमलीय म्हणता — बरं झालं, जुनीही एके काळी नवीच होती. मी तिची टायपिस्ट. नऊ महिने शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बसायचो आम्ही — फरशीवर रंगांचे डाग, मध्ये जाड पडदा, पडद्यामागे साक्षीदार, पुढे साहेब आणि कोपऱ्यात मी. बसडेपोच्या फाटकावर संपाच्या दिवशी गोळीबार झाला, सहा माणसं गेली, त्याची चौकशी. साक्षीदाराला नाव नाही, नुसता नंबर. कुठला नंबर म्हणजे कोण, याची यादी एकच, ती कपाटात. साहेब निवृत्त न्यायाधीश, इतका सज्जन माणूस की शिपायालासुद्धा अहो-जाहो करायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "या खोलीतलं नाव खोलीबाहेर जाणार नाही. माझा शब्द आहे." तो शब्द मी टाइप केलाय हो, याच बोटांनी!

आमच्या धाकटीचा नवरा त्या सहांतला. बसचालक. संपाबिंपात नव्हताच, डबा डेपोत राहिला म्हणून आणायला गेला. धाकटी समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर उभी — तिने सगळं पाहिलं. लोक पांगत होते, पाठी फिरल्या होत्या, आणि तरी तिथल्या पोलीस अधिकाऱ्याने हात वर करून गोळीबाराचा हुकूम दिला. साक्ष द्यायला ती तयार नव्हती बरं का. "ताई, मला दोन मुली आहेत," एवढंच म्हणायची. मीच तिच्या मागे लागले — तीन रविवार — म्हटलं, अगं, साहेबांनी शब्द दिलाय, आणि मी आहे ना तिथे! आली शेवटी, सतरा नंबरची साक्षीदार म्हणून. पाऊण तास बोलली. सख्ख्या बहिणीचं बोलणं टाइप करत होते, मान म्हणून वर केली नाही मी.

आठ दिवसांत तिला चौकीवर बोलावणं. समोर तोच अधिकारी, टेबलावर तिची साक्ष. ओरडला नाही, काही नाही. चहा मागवला आणि विचारलं, "मुली शाळेत चालत जातात की बसने?" झालं. धाकटीने लिहून दिलं — मी काही पाहिलं नाही. मग अहवाल आला, ‘विश्वसनीय प्रत्यक्षदर्शी पुरावा मिळाला नाही.’ तेही वाक्य मीच टाइप केलं. अधिकाऱ्याला बढती मिळाली, साहेबांना दुसरी समिती.

यादी बाहेर कशी गेली? मला काय माहीत! कपाटाची किल्ली साहेबांकडे — मी तर त्या दिवशी रजेवर — साहेबांनीच दिली असणार, दुसरं कोण देणार? खिडकीकडे बघत म्हणाले, "वरून मागणी आलीय बाई, देऊन टाका." मी म्हटलंही, साहेब, यात माझी बहीण आहे. तर म्हणाले, "मी आहे ना —"

काय बघताय अशा? हो. नव्हते रजेवर. किल्ली माझ्याच पर्समध्ये असायची. यादी मी काढली, पाकिटात मी घातली, वर ‘गोपनीय’ मी लिहिलं — सुवाच्य अक्षरात! का, म्हणजे? साहेब सांगतायत म्हणून. एवढा मोठा माणूस, शब्द देऊन फिरवेल असं वाटतं का कुणाला? मला नाही वाटलं. किंवा वाटलं असेल, पण मी विचारलं नाही. त्यांनी मला फसवलं, हे तर खरंच आहे. पण धाकटीला त्यांनी कुठे फसवलं? ती त्यांच्या शब्दावर आलीच नव्हती, माझ्या शब्दावर आली होती. चौकीवरून थेट माझ्याकडे आली, चप्पल न काढता दारात उभी राहिली. "ताई, यादी तुझ्याकडे होती ना गं?" मी म्हटलं, नाही. तिने ऐकून घेतलं. महिन्याभरात मुलींना घेऊन गाव सोडलं.

पत्ता? आहे की. धाकट्या भाचीने कळवलाय, आईला चोरून. तुमचंही सगळं गुप्तच राहणार, कळलं मला, तुमच्या साहेबांनीही शब्द दिला असेल. चांगला असेल माणूस, मी कुठे नाही म्हणते? माझी साक्ष हवी तर घ्या — नंबर नको, पडदा नको, नावानिशी घ्या, यादी कोणी दिली ते लिहा. पण सतरा नंबर कुठे राहते, ते मी सांगणार नाही. नाही म्हटलं ना! उठा आता. उठा, बाई.